गट क्रमांक ११७ मधली लांडगी

बदनापूर,
६ जानेवारी २०२५

प्रिय बेबीअक्का,
सप्रेम जयभीम.

पाकीट पाहून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. चुलतभावाला फोन असताना पत्राची हुक्की का आली म्हणशील. तर फोन उचलते तुझी सून मोनाली, आणि उचलल्याबरोबर स्पीकर लावते. मागं तुला म्हणून सांगितलं, की मला साखर निघाली. संध्याकाळी घनसावंगीच्या जीपमध्ये एका अनोळखी माणसानं माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा मागवला! आज सांगायचंय ते साखरेपेक्षा नाजूक आहे.

डिसेंबरात तुझ्याकडे आलो होतो, आठवतं? सकाळी कॅमेरा घेऊन माळाकडे गेलो ते दुपारी परतलो, आणि दाजी म्हणाले, "मास्तर, परसाकडं एवढा वेळ?" मी हो म्हणून पाय धुवायला गेलो. अक्का, तुझ्या तुरीच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या दरडीत, एक लांडगी बीळ उकरत होती. पोट जमिनीला टेकायला आलेलं. वीस वर्षं मी चिमण्या, सरडे आणि शिक्षणाधिकारी यांचे फोटो काढतोय. लांडग्याचं घर बघायला मिळेल असं स्वप्नातही नव्हतं.

आता पिलं झाली असतील. महिन्याची झाली की बाहेर येतील. मला दोन दिवस तुझ्या तुरीत लपून बसू दे. गावात बोलू नकोस. मेंढ्यावाल्यांना कळलं तर बिळाच्या तोंडाशी धूर करतील. दाजींना मात्र सांग, नाहीतर ते मलाच रानडुक्कर समजून दगड घालतील.

तुझा,
राजानंद


बोरमाळ,
१७ जानेवारी

राजानंदा,
जयभीम.

पत्र मिळालं. पोस्टमन रामरावनं हातात दिलं आन समोरच उभा राह्यला, वाचून दाखवू का म्हून. म्हणलं, सातवी पास हाय मी, तू तुझा चष्मा सांभाळ.

लांडगी मला काय नवी न्हाई. तिला पिलं झाली, चार हाईत. मी निंदायला बसले की ती दरडीवर बसती. मी तिच्याकडं बघत न्हाई, ती माझ्याकडं बघत न्हाई. दोघींनाबी काम असतंय.

ये. बस. फोटो काढ. पण एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐक. ही जमीन गायरान हाय. तुझ्या दाजीच्या बापानं दगड येचून, बाभळी काढून वहितीत आणली. माझं लगीन होऊन आले तवापासून मी पेरून राह्यले. पण सातबाऱ्यावर आजबी सरकार. तलाठ्याकडं किती खेटे घातले, बाबा, बांधावर येऊन एकदा बघा, कोण कसतंय ते लिहा. त्याला आमच्या बांधाचा रस्ता सापडत न्हाई. म्हणतो, आमच्या दप्तरात ती पड हाय.

आता त्या पडीत लांडगा निघाला असं वर कळलं, तर उद्या अभयारण्याची पाटी लागंल. लांडग्याला जागा पाहिजे म्हून आम्हाला उठवतील. चार एकर हाय, राजानंदा, पण आमचं जे काय हाय ते तेवढंच हाय. तवा फोटो कुठंबी लाव, जागेचं नाव बिलकुल छापायचं न्हाई. कबूल असंल तर ये. येताना माझी गुडघ्याची गोळी आण.

बेबीनंदा


बदनापूर,
२८ जानेवारी

प्रिय अक्का,
जयभीम.

आलो तेव्हा तोंडी कबूल केलंच होतं, आता लिहून देतो: कबूल, शंभरदा कबूल. गावाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही.

रजेच्या अर्जात 'कौटुंबिक कारण' लिहिलं. कुणाच्या कुटुंबाचं, ते हेडमास्तरांनी विचारलं नाही. तुझ्या तुरीत बसलो त्या दोन दिवसांची मी वही ठेवली आहे. मास्तर असल्यामुळे ती आपोआप हजेरीपटासारखी झाली. 'सकाळी ७.१०, मादी बाहेर. ७.२५, पिल्ले चार, चारही हजर. ७.४०, एक पिल्लू दुसऱ्याच्या पाठीवर, शिस्त नाही.' पावणेनऊला नर आला. जरा लंगडतो बिचारा. त्यानं आल्याबरोबर मान खाली घालून पोटातलं मांस ओकलं आणि पिलांनी ते गरमागरम फस्त केलं. भावनाला घरी येऊन सांगितलं, बघ, बाप असा असतो. ती म्हणाली, तुम्हीही रविवारी मटण आणता, पण पिशवीतून आणता म्हणून बरं.

एक विलक्षण गोष्ट टिपली. दुसऱ्या दिवशी लांडगीनं माझ्याकडे रोखून पाहिलं, कान मागे घेतले, अंग ताणलं. ही हल्ल्याची पूर्वतयारी. मी श्वास रोखून तेवीस फोटो काढले. मग तिनं विचार बदलला असावा. लपण्याची माझी व्यवस्था उत्तम होती, त्याचाही भाग असेल. तो पानापानांचा हिरवा पोशाख मी खास मागवला होता.

बाप पिलांजवळ थांबतो आणि आई शिकारीला जाते, हे पाहून मला आपल्या समाजाबद्दल बरेच विचार सुचले. ते पुढच्या पत्रात.

तुझा,
राजानंद


बोरमाळ,
५ फेब्रुवारी

राजानंदा,

विचार सुचले असतील तर वहीतच ठेव. जो लंगडतो म्हणून तू बाप केलास ती बाई हाय. मागल्या सालची पोरगी, ह्याच लांडगीची. तिचा पाय ऊसतोडीच्या वेळी तारेत अडकल्ता, तवापासून लंगडती. आई शिकारीला गेली की ही भावंडं सांभाळती. पिलं तिचे कान चावत्यात, ती उठून दुसरीकडं बसती, ते तिथं जात्यात. आमच्या घरी मी असंच थोरलेपण केलंय, मला सांगू नको. बाप येगळा हाय, तो सांच्याला येतो, आडदांड, मानेवर काळे केस. तू तवा भाकर खायला गेल्ता.

आन तो हल्ला. बाबा, तिनं आळस दिला. मी बांधावरून बघून राह्यले व्हते. तूर समदी वाळून पिवळी झाल्ती, आन मधी एक हिरवंगार झुडूप शिंकून राह्यलं. तिनं तुला पहिल्याच दिवशी वळखलं. बघून बघून कटाळली आन झोपली.

पुढल्या येळंला तो पाला घालू नको. माझं जुनं लुगडं देते, मातकट रंगाचं. ते पांघरून माझ्याबराबर बस. तिला माझी सवय हाय. तूर काढून झालीय, तुराट्यांचा ढीग रचलाय, त्याच्या आडून पिलं पंधरा पावलांवर दिसतील.

दाजींची एक चप्पल बांधावरून गेली. त्यांना वाटतं शेजारच्या अंगदनं नेली. एक चप्पल नेऊन अंगद काय करणार, ते सांगत न्हाईत. पण बोलणं टाकलंय.

बेबीनंदा


बदनापूर,
२१ फेब्रुवारी

प्रिय अक्का,
सप्रेम जयभीम.

९ तारखेचा तुझा पाहुणचार अजून जिभेवर आहे. लुगड्याची युक्ती उत्तम. पिलं छान दिसली. फोटो बरे आलेत.

आमच्याकडे स्नेहसंमेलन झालं. आठवीच्या मुलांनी शेतीगीत बसवलं होतं, त्यात बैल झालेली दोन मुलं स्टेजवरच भांडली. औताखालची मुलगी रडली. पाहुण्यांनी त्यालाच नाट्य समजून टाळ्या वाजवल्या. पाहुणे पाऊण तास 'मी थोडक्यात सांगतो' असं सांगत होते. नंतर पोहे कमी पडले. हेडमास्तरांनी त्याची चौकशी समिती नेमली, समितीचा अध्यक्ष मी, आणि खरं सांगायचं तर दोन प्लेटा मीच खाल्ल्या होत्या. हवा बदलली आहे. भावनाला सर्दी आहे. बदनापूर स्टेशनावर गाड्या वेळेवर आहेत.

गुडघा कसा आहे? गोळ्या अजून पाठवू का? मोनालीला आशीर्वाद. दाजींना नवी चप्पल माझ्याकडून.

तुझा,
राजानंद


बोरमाळ,
२८ फेब्रुवारी

राजानंदा,

लांडगीला दोन ओळी आन पोह्याला एक पान. स्टेशनावरच्या गाड्या वेळेवर हाईत हे मला कशाला? तू लहानपणी दौत सांडल्ती तवा असाच आईचे पाय दाबत बसल्तास.

काय करून बसलास ते लिही. जल्दी.

बेबीनंदा


बदनापूर,
५ मार्च

अक्का,

लिहितो. वाचताना हातात विळा असेल तर खाली ठेव.

तुराट्यांच्या ढिगाआडून ९ तारखेला एक फोटो मिळाला. दोन पिलं दाजींची चप्पल दोन बाजूंनी ओढताहेत, आणि लंगडी बहीण मधे बसून, आता ह्यांना काय सांगावं, अशी दुसरीकडे पाहतेय. (अंगदरावांची माफी मागायला सांग.) असा फोटो आयुष्यात एकदा मिळतो. मी तो जालन्यातल्या एका छायाचित्र स्पर्धेला पाठवला. फोटोखाली गावाचं नाव घालायचं नाही, एवढं मला पक्कं लक्षात होतं.

पण स्पर्धेला फॉर्म होता, आणि फॉर्ममध्ये रकाने होते.

तुला ठाऊक नाही, अक्का, सरकारनं आम्हा मास्तरांचं काय करून ठेवलंय ते. जनगणना आम्ही, मतदारयादी आम्ही, गावात किती संडास आणि किती म्हशी तेही आम्हीच. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एक रकाना रिकामा सुटला नाही. रिकामा रकाना दिसला की माझा हात शिवशिवतो. तिथं छापलं होतं, 'ठिकाण (सविस्तर)'. मी भरलं. जे भरलं ते जसंच्या तसं लिहितो, शिक्षा म्हणून:

'मौजे बोरमाळ, ता. घनसावंगी, गायरान गट क्र. ११७. ताबा: हिवराळे कुटुंब. पूर्वेस नाला, पश्चिमेस अंगदराव यांची तूर, उत्तरेस पांदण, दक्षिणेस खडक.'

चतु:सीमा, अक्का! मी लांडग्यांच्या फोटोला चतु:सीमा लिहिली!

फॉर्म पाठवून मी निवांत झोपलो. १८ तारखेला निवडीचं पत्र आलं, त्यात हा सगळा मजकूर फोटोखालच्या पाटीवर छापणार असं लिहिलेलं. मी फोन केले, विनवण्या केल्या. म्हणाले, सर, एवढी परिपूर्ण माहिती कुणीच दिली नाही, आम्ही ती आदर्श म्हणून मोठ्या अक्षरात छापतोय.

शनिवार-रविवार प्रदर्शन झालं. दोन्ही दिवस मी त्या पाटीला पाठ लावून उभा राहिलो. लोकांना वाटलं, मास्तरांना फार अभिमान आहे. मस्तगड भागातले एक दुकानदार सत्कार करून गेले. रविवारी दुपारी चार मिनिटं लघवीला गेलो. परत आलो तर खाकी गणवेशातली एक तरुण बाई मोबाईलवर फोटो काढत होती. लांडग्यांचा नव्हे. पाटीचा.

वनखात्याची होती. मला विचारलं, "हे गायरान नक्की ११७च ना?" मी म्हणालो, "मॅडम, मला नीट आठवत नाही." त्या म्हणाल्या, "चारही दिशा आठवल्या तुम्हाला."

अक्का, मी शब्द मोडला. तुझं चार एकर माझ्या एका रकान्यात गेलं तर मी काय करू? काहीतरी लिही. शिव्या दे, पण लिही.

राजानंद


बदनापूर,
१९ मार्च

अक्का,

दोन आठवडे झाले. फोन केला तर मोनाली म्हणते, "आत्याबाई रानात हायेत." सकाळी सातलाही रानात, रात्री नऊलाही रानात. तिनं स्पीकर लावला नाही, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

कॅमेरा पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकली आहे. शाळेत काल एक अर्ज भरायचा होता, 'आईचे नाव' हा रकाना मी रिकामा ठेवला. कारकुनानं विचारलं, सर, बरं नाही का?

मी येऊ का? दाजी मारणार असतील तरी येतो.

राजानंद


बोरमाळ,
२५ मार्च

राजानंदा,
जयभीम.

मेले न्हाई, जिती हाय. मार खायला येऊ नको, दाजींचा हात आता दुखून राह्यलाय, का ते सांगते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले न्हाई. तुला शिव्या लिहायला तीनदा बसले, पण इतक्या व्हत्या की तिकीट पुरलं नसतं. दाजींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं खांद्यावर टाकून निघाले. कुठं? म्हणले, "बीळ बुजवतो. लांडगाच न्हाई राह्यला तर साहेब काय बघायला येईल?" मी मागं पळाले, ह्या गुडघ्यानं. त्यांनी दोन फावडी माती ओढलीबी व्हती. पिलं आत कूंकूं करून राह्यली आन ती लंगडी दरडीवर उभी, पळंना, नुसती बघती. मी फावडं धरलं. म्हणलं, "आपल्याला कुणी उठवू नये म्हून हिला उठवायचं? ठेवा ते." वढावढीत त्यांचा हात मुरगळला. मंग माती काढली दोघांनी, हातानं.

त्यानंतर पंधरा दिवस मी बांधावरच बसून व्हते. येणारा येईल तवा रान रिकामं दिसू नये. मोनाली भाकर आणून देई. काम काही नव्हतं, तूर निघाली, रान मोकळं. नुसती बसले.

काल आली ती, तुझी खाकीवाली. मोटारसायकल तीच चालवून राह्यली, आन मागं तलाठी बसल्ता, फाईल छातीशी धरून. म्हणलं, झालं.

नाव निवेदिता. आमच्या मोनालीच्या वयाची. पोरीनं आधी दुर्बिणीतून अर्धा तास पिलं बघितली. मंग तलाठ्याला इचारलं, "भाऊसाहेब, ही जमीन कोण कसतं?"

तलाठी म्हणला, "कोणी न्हाई मॅडम. दप्तरी पड हाय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं मोबाईल काढला. तुझा फोटो, प्रदर्शनवाल्यांकडनं मागून घेतलेला. कडेला माझ्या तुराट्यांच्या ढिगाचं टोक, आन खाली कापलेल्या तुरीची खुंटं, ओळीनं. ती म्हणली, "मंग ही तूर काय लांडग्यानं पेरली?"

तलाठ्यानं फाईल उघडली, पुन्हा मिटवली. तो म्हणला, "तसं बघायला गेलं तर..." आन बघायला गेलाच न्हाई, खालीच बघून राह्यला.

मी म्हणलं, "मॅडम, खरं सांगा. आम्हाला उठवणार का?"

ती माझ्याजवळ बांधावर बसली. म्हणली, "मावशी, अभयारण्य करायचं का न्हाई ते माझ्या हातात न्हाई, आन असल्या चार एकरात कुणी करतबी न्हाई. माझं काम लिहायचं. मी काय लिहिणार ते सांगू? तुम्ही पेरता, शेळ्या चारता, म्हून हा माळ मोकळा राह्यला. मोकळा माळ हाय म्हून लांडगी हाय. तुम्ही उठला तर इथं उद्या खडीची मशीन येईल. मला तुम्ही बांधावर पाहिजेत." मंग इचारलं, "शेळी मारली का कधी?" म्हणलं, "एक नेली पौषात. तिला पिलं झाल्ती, मी बोलले न्हाई." ती हसली आन लिहून घेतलं.

तिथंच बांधावर पंचनामा केला. किती रान, काय पीक, किती वर्षांपासून, चारी दिशा. दिशा तिनं तुझ्या पाटीवरनंच उतरवून घेतल्या, तलाठ्याला मोजायचीबी तसदी दिली न्हाई. ती म्हणली, "ह्यानं जमीन तुमच्या नावावर होत न्हाई, मावशी, खोटं सांगत न्हाई. पण सरकारी माणसानं डोळ्यानं बघून लिहिलंय की इथं तुम्ही कसता. हा कागद आता तुमच्याकडं हाय." आन तलाठ्याला म्हणली, "भाऊसाहेब, साक्षीदार म्हणून सही." त्यानं केली. आमच्या रानात, उन्हात उभं राहून केली.

मंग ती म्हणली, "कसणाऱ्याचं नाव?"

दाजी खाकरले, टोपी नीट केली. "लिहा, तातेराव..."

मी म्हणलं, "न्हाई. बेबीनंदा लिहा."

दाजी माझ्याकडं बघून राह्यले. मला वाटलं, आता उन्हात नवं भांडण. ते म्हणले, "लिहा मॅडम, तिचंच लिहा. पेरतीबी तीच, आन पंधरा दिवस पहारा केला तोबी तिनंच." मी सही केली. अंगठा न्हाई, सही. पूर्ण नाव लिहिलं, अक्षर तुझ्यापेक्षा बरं आलं.

तुला माफ केलं असं समजू नको. रकाने भरायची तुझी खोड आता दुसऱ्या कामाला लाव. पंचनाम्याच्या पाच झेरॉक्स काढ आन तहसीलचा अर्ज तू भर, एकबी रकाना सोडू नको. आन पेटी माळ्यावरून काढ. पिलं आता मोठी झालीत, नाल्यापार उंदीर धरायला शिकून राह्यलीत. दोघं धरत्यात, एक निस्तं उडी मारतंय, चौथं बसून खातंय. ह्याचं वर्तन काय ते तुझ्या वहीत लिही, आमच्यात त्याला घरजावई म्हणत्यात.

मॅडम गेली. दाजी अंगदकडं गेले, चपलीचा कबुलीजबाब द्यायला. मी लिंबाखाली जरा टेकले. पंधरा दिवसांची झोप व्हती, एकदमच आली. मी झोपलेली असताना लंगडी माझ्यापास्नं दहा पावलांवरून गेली, दाजींनी परत येताना लांबून पाह्यलं म्हणत्यात. जाताना थांबून बघून गेली म्हणे. फोटो काढायला तू नव्हतास ते बरं झालं. झोपेत माझं तोंड उघडं राहतंय.

जाग आली तवा ऊन उतरलं व्हतं. आन जमीन जिथं झोपताना व्हती, तिथंच व्हती.

तुझी,
बेबीअक्का